चाळीस दिवसांचं अस्तर

दि. ३१ मे २००३, शनिवार. सकाळी साडेआठला उस्मानपुऱ्यातल्या कृत्रिम पायांच्या केंद्रात पोहोचले. कार्यशाळेतलं तापमान चौतीस होतं, दुपारी एकेचाळीस झालं. किल्ल्या सोपवायच्या म्हणून कपाटातल्या सामानाची यादी केली. साडेदहाला कार्यशाळेतल्या फकिराशी बोलणं झालं. घरी जाऊन जेवले, साडी बदलली. चार वाजता केंद्राच्या सभागृहात माझ्या निवृत्तीचा कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, गुच्छ मिळाला. मी अर्धा तास बोलले. आयुष्यात इतकं सलग कधी बोलले नव्हते. विसरायच्या आत, बोलले तसं लिहून ठेवते.

आदरणीय अध्यक्ष डॉक्टर बद्रीनाथ काळवणे, प्रमुख पाहुण्या आणि आपल्या केंद्राच्या विश्वस्त श्रीमती द्वारकाबाई औताडे, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, कार्यशाळेतले माझे सहकारी, आणि समोर बसलेल्या सगळ्या मंडळींनो. तुमच्यातले कुणी स्वतःच्या पायावर आले, कुणी आम्ही केलेल्या पायावर आले. मला इथून फरक ओळखू येत नाही आणि या वयात याहून मोठा आहेर मला नको. सर्वांना नमस्कार करते.

या सभागृहात बत्तीस वर्षं कार्यक्रम बघितले, पण मी नेहमी त्या मागच्या दाराजवळ उभी असायचे. ध्वनिक्षेपक नीट चालतो का, पाहुण्यांचं पाणी ठेवलं का, एवढंच बघायचं. माइकच्या या बाजूला आज पहिल्यांदाच उभी आहे. डॉक्टरसाहेब मघाशी म्हणाले, आशाताई मितभाषी आहेत. खरं आहे. पण त्यांनी मला एका विषयावर बोलताना ऐकलेलं नाही, आणि आज मी त्याच विषयावर बोलणार आहे. घड्याळ त्यांच्या हातात आहे. त्यांनी खुणावलं तर थांबेन.

आधी या शालीबद्दल. द्वारकाबाई, शाल फार सुंदर आहे. मे महिन्यात जरा ऊब जास्त होते, ते चालायचंच. पण तुम्हाला ठाऊक आहे का, ही शाल पॉलिएस्टरची आहे? मी काठाचा धागा बघितला. आणि आपण पायाचं सॉकेट, म्हणजे ज्या कपात माणूस आपला उरलेला पाय घालतो तो कप, ज्या रेझिनचं करतो ते रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं प्लास्टिक, तेही पॉलिएस्टरच. एकाच घराण्यातली दोन माणसं. एकानं धाग्याचा धंदा धरला, दुसऱ्यानं आमच्याकडं नोकरी धरली. बत्तीस वर्षं एकाबरोबर काम केलं आणि निरोपाला दुसरा आला. मला याची फार गंमत वाटते.

लोक पाय बघतात. मी पाय कशाचा आहे ते बघते. माझं काम तेवढंच. कुठलंही साहित्य केंद्रात आलं, चामडं, रबर, प्लास्टर, रेझिन, की ते माणसाच्या अंगाला लावण्याजोगं आहे का, हे तपासायचं. मी बी.एस्सी. झाले होते, रसायनशास्त्र घेऊन. १९७१ साली इथं आले तेव्हा वाटायचं, तराजू आहे, परीक्षानळ्या आहेत, बाकी काय लागतं?

पहिल्याच वर्षी एक तरुण कुबडी घेऊन आला. देवगाव रंगारीचा. विहिरीचा सुरुंग उडताना डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. आम्ही त्याला लाकडी पाय दिला होता, मांडीला चामडी पट्टा. तो टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमचा पाय शेळीनं खाल्ला."

मी म्हटलं, "काय?"

"पट्टा खाल्ला. पाय खाटंला टेकवून झोपलो व्हतो. सकाळी बघतो तर बक्कल तेवढं राहिलं."

मी नोंदवहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं, "शेळी." ती नोंद अजून आहे, कुणालाही दाखवीन. मग माझ्यातल्या बी.एस्सी.नं विचारलं, "पट्टा रोज किती तास घामात असायचा?" कारण घामात मीठ असतं, चामडं मीठ धरून ठेवतं आणि शेळीला मीठ आवडतं. दोष शेळीचा नव्हता, चामड्याचा होता. तो माणूस माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "थांबा, तिला इचारून सांगतो."

समोरची जुनी मंडळी हसताहेत, त्यांनी ओळखलं. ते तात्यासाहेब. तक्रार घेऊन आले होते. तीन वर्षांनी आमचं लग्न झालं. माझ्या माहेरी त्यावरून जे झालं ते झालं, आज तो विषय नको.

त्या वेळी लाकडी पाय हमीद उस्ताद करायचे. आधी टांग्याची चाकं करायचे, मग पाय करायला लागले. त्यांना माझ्या परीक्षानळ्यांचा भारी राग. मी कागदावर ताण, वजन, टक्केवारी लिहून नेली की ते रंधा थांबवून म्हणायचे, "बेटी, किताब रैने दे. चालीस दिन किसीको पैन के चलने दे. पाँव खुद बातां करता." तेव्हापासून केंद्रात नियम झाला, तो आजही आहे. नवीन साहित्य कुठल्याही रुग्णाला देण्याआधी एका माणसानं ते चाळीस दिवस घालायचं. रोज एक ओळ लिहायची. मध्ये खंड पडला तर ती चाचणी माझ्या सहीनं बंद करायची आणि दुसऱ्या माणसावर पहिल्या दिवसापासून सुरू करायची. जुनी बंद झाल्याशिवाय नवी सुरू होत नाही. हा भाग नीट लक्षात ठेवा, मला पुढं लागणार आहे.

आणि घालणारा माणूस कोण? आमचे हे. तीस वर्षं. गुलमंडीत त्यांचं कापडाचं छोटं दुकान होतं. दिवसभर गादीवर ऊठबस, संध्याकाळी पायी घरी. उन्हाळ्यात डांबर मऊ झालेलं, पावसाळ्यात चिखल. याहून चांगली प्रयोगशाळा कुठं मिळते? रबराचं पाऊल आम्ही गंधक घालून भट्टीत पक्कं करतो. गंधक रबराच्या लांब साखळ्यांमध्ये पूल बांधतं. पूल कमी पडले तर पाऊल च्युइंगमसारखं ताणलं जातं, जास्त झाले तर तडकतं. हे मला पुस्तकातनं कळलं. किती पूल म्हणजे बरोबर, हे मला त्यांच्या ओळीतनं कळायचं. "दिवस सहा. पायरीवर घसरलो. दुकानात सगळ्यांनी पाहिलं."

रेझिनचं तर विचारू नका. रेझिन घट्ट व्हायला दोन औषधं लागतात. एक जांभळं, कोबाल्टचं, आणि एक पाण्यासारखं, पेरॉक्साइड. दोन्ही रेझिनमध्ये वेगवेगळी घालायची. एकमेकांत थेट कधीही ओतायची नाहीत, भडका उडतो. म्हणून दोन बाटल्या दोन भिंतींना. नव्या माणसाला हे समजावताना फकिरा सांगतो, "हे दोघं व्याही हायेत. मध्ये मांडव असल्याबिगर भेटवायचं नाय." हा फकिरा, तो उभा आहे खांबाजवळ, तोही आमच्याकडं पाय घ्यायला आला आणि अठरा वर्षं झाली, राहिला. आज आपण सगळे जे रबरी पाऊल घालता ते त्याच्या हातचं.

आणि फकिरा, तू हे सगळ्यांना सांगतोस, मग मीही सांगते. पहिल्या मे महिन्यात यानं डिसेंबरचं माप घातलं. थंडीत रेझिन घट्ट व्हायला वेळ घेतं म्हणून औषध जास्त लागतं. एकेचाळीस डिग्रीत तेच माप घातल्यावर काय होणार? रेझिनचा मग धुरायला लागला, आणि ढवळायची काडी आत उभीच्या उभी गच्च. तो मग अजून त्याच्या टेबलावर आहे. पेन ठेवतो त्यात.

डॉक्टरसाहेब, पाच मिनिटं झाली का? बारा? आता मुद्द्यावर येते.

गेल्या वर्षी बानाबाई आल्या. तिसऱ्या रांगेत बसल्यात, हिरवं लुगडं. देवगाव रंगारीकडच्या, मेंढरं घेऊन फिरतात. त्यांचा उजवा पाय गाडीखाली गेला. जखम भरली, पण उरलेल्या पायावर, ज्याला आम्ही स्टंप म्हणतो, त्वचा कागदासारखी पातळ. खाली हाड. आम्ही केलेलं पहिलं सॉकेट चार दिवसांत परत आणलं. दुसरं सहा दिवसांत. आत फोम लावून तिसरं दिलं, तेही. दर वेळी त्वचा फाटलेली. तिसऱ्यांदा पाय माझ्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "बाई, पाय लई देखणा हाय तुमचा. पण चावतो."

घरी मी हे सांगितलं. हे म्हणाले, "कोट चांगला शिवलाय, अस्तर वाईट आहे." कापडवाल्याचं बोलणं. पण ते बरोबर होतं. सॉकेट कडकच हवं, वजन तेच पेलतं. मधलं अस्तर बदलायला हवं होतं. त्वचेइतकं मऊ, पण दबून राहणार नाही, घाम पिणार नाही, घामानं कुजणार नाही असं.

असं एक द्रव्य आहे. सिलिकॉन. मला सांगू द्या, कारण हे मला अजूनही खरं वाटत नाही. आपण ज्या वाळूवर उभे राहतो त्या वाळूतलं सिलिकॉन आणि हवेतला ऑक्सिजन, एकाआड एक, एकाआड एक, अशी त्याची लांब साखळी. बाकी सगळ्या रबरांचा कणा कार्बनचा, याचाच वेगळा. म्हणून उन्हानं ते कडक होत नाही, घामानं सडत नाही. शेळीसुद्धा खाणार नाही. दोन डब्यांत येतं. दोन्ही सारख्या वजनानं घ्यायचं, ढवळायचं, साच्यात ओतायचं. एका डब्यात प्लॅटिनम असतं. किती? नखाएवढंसुद्धा नाही. पण प्लॅटिनमचा एक कण एक जोड जुळवतो, बाजूला होतो, दुसरा जुळवतो, तिसरा जुळवतो, स्वतः खर्च होत नाही. काही तासांत पातळ मधासारखी वस्तू कानाच्या पाळीसारखी मऊ आणि घट्ट होते.

पुस्तकात होते. आमच्याकडं झालीच नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पहिल्यांदा ओतलं. दुसऱ्या दिवशी साचा उघडला, तर वरचा थर काकवीसारखा चिकट. मी म्हटलं, उन्हाळा. जुलैत पुन्हा चिकट. म्हटलं, दमट हवा. मग म्हटलं, वजन चुकलं. मग म्हटलं, माल खराब. पुरवठादाराला मी तीन पत्रं लिहिली, आणि जरा कडकच लिहिली. सात वेळा ओतलं, सात वेळा चिकट. आणि मी काळजी किती घ्यायची! प्रत्येक वेळी नवे हातमोजे. भांडी स्वतः पुसायचे. फकिरालासुद्धा हात लावू द्यायचे नाही.

या जानेवारीत हे एक दिवस कार्यशाळेत आले. स्टुलावर बसून माझं काम बघत होते. कार्यशाळेत आले की मला बाकीच्यांसारखं बाईच म्हणायचे, चिडवायला.

"बाई, पांढऱ्या कापडावर डाग निघाला तर आम्ही काय करतो ठाऊक आहे का?"

मी म्हटलं, "काय करता?"

"आधी स्वतःचे हात बघतो. मग गिरणीला शिव्या देतो."

मी हात बघितले. हातात मोजे होते.

"ते कशाचे आहेत?"

"रबराचे."

"रबरात काय असतं?"

"गंधक," मी म्हटलं. आणि मोजे उतरवले.

सभागृहात कुणी रसायन शिकलेलं असेल तर त्यानं आत्ता कपाळावर हात मारला असेल. गंधक! गंधक प्लॅटिनमला जाऊन चिकटतं आणि सोडत नाही. मग जोड जुळवणार कोण? मी रोज नवे मोजे घालून रोज नव्यानं घाण करत होते. आणि मोज्यांचं सोडा, ज्या टेबलावर मी साचा ठेवायचे त्याच टेबलावर फकिरा पंधरा वर्षं गंधक घातलेलं रबर कापतोय! बत्तीस वर्षं गंधकानं पूल बांधले, ते आम्हाला घरच्यासारखं झालं होतं. त्याच्यावर संशय घ्यायचं सुचलंच नाही. फकिराला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हंजे सोयरीक जमवणाराच पळवून नेला व्हय त्यानं?"

आम्ही मागची खोली धुऊन काढली. नवी स्टीलची भांडी आणली. मोजे फेकले, हाताला साध्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. ओतलं. सकाळी साचा उघडला आणि बोट लावलं.

कोरडं. मऊ. दाबलं की आत जायचं, सोडलं की परत वर यायचं.

मी ओरडले. मी, आशाताई, ओरडले. फकिरा धावत आला, "ताई, आग लागली का?"

पुरवठादाराला चौथं पत्र लिहिलं, क्षमा मागणारं. त्यांनी माझ्या क्षमेचं उत्तरही फार छान दिलं.

पहिलं अस्तर यांच्या मापाचं केलं. एकशे चौदावी चाचणी. अठरा जानेवारीला सुरू झाली. त्यातल्या थोड्या ओळी वाचते, वही इथं आणली आहे. "दिवस एक. थंड लागतं." "दिवस चार. घाम आला, पुसला, गेला." "दिवस बारा. पैठण गेटपर्यंत चालत गेलो. चावलं नाही." "दिवस एकोणीस. आशा सारखी विचारते. तिला सांगा, बरं आहे." "दिवस सव्वीस. गिऱ्हाईक म्हणालं, शेठ, आज लंगडत नाही." आणि एकतिसावा दिवस, सतरा फेब्रुवारी. एकच शब्द आहे.

"विसरलो."

म्हणजे पाय घातलाय हे विसरलो. एकशे चौदा चाचण्यांत असा शेरा मला एकदाही मिळाला नव्हता. त्यासाठीच तर बत्तीस वर्षं हे सगळं चाललं होतं. मी ती ओळ वाचली तेव्हा यांना म्हटलं, आणखी नऊ दिवस, मग बानाबाईंचं माप घेऊ.

अठरा तारखेला सकाळी हे उठले नाहीत. आपल्याला सगळ्यांना ते माहीत आहे, आपण सगळे आला होतात. त्याबद्दल मी अधिक बोलणार नाही.

पुढचं मात्र सांगितलंच पाहिजे, कारण ते कुणाला माहीत नाही.

नियमानं मी काय करायला हवं होतं? वहीत लिहायचं, "चाचणी बंद", खाली सही करायची, आणि दुसऱ्या माणसाचं अस्तर करायला घ्यायचं. यांचं अस्तर दुसऱ्या कुणाला होणार नव्हतं, ते एकाच पायाच्या मापाचं. दोन शब्द आणि एक सही. मी ती केली नाही. मार्चमध्ये बानाबाई आल्या, मी म्हटलं, माल आला नाही. एप्रिलमध्ये पुन्हा आल्या. कुबड्यांवर, एस.टी.नं, एवढ्या उन्हात. मी पुन्हा म्हटलं, माल आला नाही. माल माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. फकिरानं एकदा विचारलं, "ताई, पुढची चाचणी?" मी त्याच्यावर अशी ओरडले की त्यानं पुन्हा विचारलं नाही.

मी खोटं बोलले. साहित्य तपासणाऱ्या माणसानं साहित्याबद्दल खोटं बोलावं, याहून वाईट काय असतं? बानाबाई, मी तुमची...

काय? बोला, बोला. माइक द्या रे त्यांना. नको? ऐकू येतंय.

बानाबाई म्हणताहेत, "मला ठावं व्हतं बाई. माल नाय म्हणल्या, पर डोळं कपाटाकडं गेलं तुमचं."

मग तुम्ही बोलला का नाहीत?

"कोकरू गेल्यावं मेंढी चाऱ्याला तोंड लावत नाय. तिला हाणून काय फायदा? आम्ही थांबतो चार दिस."

चार दिवस नव्हते बानाबाई, साडेतीन महिने होते.

"मंग आता वाढवू नगा. सोमवारी माप घ्या. न्हाय तर समदी मेंढरं आणून तुमच्या दारात बसवते."

हसा. हसायलाच पाहिजे. पण सोमवारी माप कसं घेणार? चाळीस दिवस कुणी पूर्ण केलेत? हे तुम्ही विचाराल म्हणून आज सकाळची गोष्ट सांगते, आणि मग बसते.

सकाळी किल्ल्या सोपवण्याआधी मी कपाट उघडलं. सिलिकॉनचे डबे उचलले. हलके लागले. तराजूवर ठेवले, तर दोन्हीतनं सारखंच कमी. चोरी करणारा असा सारखा सारखा घेत नाही. मी फकिराला बोलावलं.

"फकिरा, डबे कुणी उघडले?"

तो खुर्चीवर बसला आणि त्यानं विजारीची बाजू वर गुंडाळली. सॉकेट काढलं. आत सिलिकॉनचं अस्तर. काठ इतका सफाईदार कापलेला की माझाही तसा होत नाही.

"किती दिवस?"

त्यानं खिशातनं दिनदर्शिकेची दोन पानं काढली, एप्रिल आणि मे. बावीस एप्रिलपासून प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं लिहिलेलं. आजच्या चौकोनात लिहिलंय, चाळीस.

मी म्हटलं, "तुला माहीत होतं ना, जुनी बंद झाल्याशिवाय नवी सुरू करता येत नाही?"

"व्हय."

"मग?"

"तुम्ही बंद करत नव्हत्या, ताई. मी म्हणलं, तात्यासाहेबांची चालू राहू द्या. माझी त्याच्या शेजारी चालंल. दोन माणसं संगं चालली म्हणून रस्ता काय कमी पडतो व्हय?"

मी त्याला रागवायला बोलावलं होतं. मग मी त्याचा स्टंप बघितला. लालसर डाग नाही, फोड नाही. कडेला नाही, हाडावर नाही. चाळीस दिवस, एप्रिल-मे, कार्यशाळेत भट्टीसमोर उभं राहून. मी भिंग आणलं. भिंगातूनही काही नाही! मी त्याला विचारलं, एखादी तक्रार? तो म्हणाला, "एक हाय. परवा झोपताना काढायचा राहिला."

तो विसरला होता. तोही!

समजतंय ना तुम्हाला? एक नाही, दोन माणसं. एकतीस आणि चाळीस. एक थंडीतला, एक उन्हाळ्यातला. एवढी चांगली चाचणी या केंद्रात आजवर झालेली नाही. मी आज निवृत्त होतेय म्हणून मला वाईट वाटायला हवं, पण सकाळपासून मला घरात बसवत नव्हतं. जेवताना दोनदा उठून वही बघितली.

अध्यक्ष महोदय, किल्ली माझ्या टेबलावरून उचलली गेली, साहित्य न विचारता वापरलं गेलं, नियम मोडला. हे मी लपवत नाही. पण ज्यानं मोडला त्याला मोडावा लागला, तो माझ्यामुळं. तेव्हा जे काही लिहायचं ते माझ्या सेवापुस्तकात लिहा, तेही आज पाचच्या आत, कारण पाचनंतर ते बंद होतंय. आणि माझ्या जागेवर कुणाला घ्यायचं हे विश्वस्त ठरवतील, पण त्या माणसाला रसायन शिकवता येतं. न विचारता सारख्या वजनानं दोन्ही डब्यांतून घेणारा माणूस मिळणं अवघड. डॉक्टरसाहेब मान हलवताहेत. कुठल्या बाजूला, ते माइकजवळून मला नीट दिसत नाही. होकार समजते.

या केंद्रानं मला काम दिलं, घर दिलं, माणूस दिला. हमीद उस्ताद आज नाहीत, त्यांच्या रंध्याचा आवाज अजून कानात आहे. द्वारकाबाई, मागच्या खोलीला तुम्ही पंखा दिलात, तोही या अस्तरात आहे. फकिरा, तुझे आभार मी मानणार नाही, तुला ते आवडत नाही. बानाबाई, सोमवारी सकाळी नऊ वाजता. मी निवृत्त असले तरी येईन.

बोलण्याची सवय नाही. एवढ्या वेळात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला जास्त बोलले असेन, घरातलं काही बाहेर आलं असेल. साहित्यात दोष निघाला तर मी ते परत घेत आले. बोललेलं परत घेता येत नाही, तेव्हा आपणच ते पोटात घाला. नमस्कार.

कार्यक्रम सव्वापाचला संपला. सगळे चहाकडे गेले. मी शाल खुर्चीवर ठेवून मागच्या खोलीत आले.

वही उघडली. एकशे चौदा, दिवस एकतीस, त्याखाली लिहिलं, "चाचणी बंद", आणि सही केली. पुढच्या पानावर एकशे पंधरा घातला आणि फकिराची पानं चिकटवली.

चाचणी संपली की अस्तराच्या आत घातलेला सुती मोजा मी साध्या पाण्यात धुऊन उन्हात बघते. पिवळा राहिला तर अस्तरातून काही सुटतंय, असं समजायचं. फकिराचा मोजा टेबलावर होता. दुसरा, यांचा, माझ्या खणात होता, अठरा फेब्रुवारीपासून. त्या सकाळी तो खाटेजवळच्या पायावर होता तसाच आणून ठेवला होता.

बादलीत पाणी घेतलं. दोन्ही मोजे धुतले, पिळले. मागच्या दोरीवर अजून ऊन होतं. दोन्ही शेजारी शेजारी वाळत घातले आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून चिमटे लावले.